लाईन न मोडणारी भुतं

"बंद कर गो ते, वृंदाबाय. पुरे झालं."

रायकर शेटनी हात वर केला आणि मी बटण दाबलं. पडद्यावर साठ मेलेली माणसं एक पाय पुढे टाकून जागच्या जागी थांबली. डिचोलीच्या माझ्या स्टुडिओत तेव्हा आम्ही तिघंच होतो. सिनेमाचे निर्माते रायकर शेट, दिग्दर्शक नीलेश आणि एडिटर म्हणून मी.

"माझं म्हापशात फरशांचं दुकान आहे," शेट म्हणाले. "एकसारखी लाईन बघायची हौस आली तर मी माझ्या गोदामात जाईन. त्यासाठी सिनेमा कशाला काढू? ही झॉम्बी आहेत की रेशनवर उभी असलेली माणसं?"

शेट उठले आणि नीलेशकडे वळले.

"पुढच्या शनिवारी मी येतो. तोवर ह्यात भय दिसलं तर ठीक. नाही तर हैदराबादचा एक माणूस तयार आहे. तो खाणीवरचा सगळा भाग काढणार आणि तिथल्या स्टुडिओत तिथलीच माणसं घेऊन नवं शूट करणार. मग दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव जाईल. तुझं नाव कथा म्हणून ठेवतो, नीलेश. त्यात मी कमी करायचो नाही."

शेट माणूस म्हणून वाईट नव्हते. जाताना माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी करून गेले. पण नीलेश खुर्चीवर बसला तो उठेचना.

"ताई," तो म्हणाला, "सुर्लाच्या खाणीवरच्या माणसांना मी शब्द दिलाय. साठही जणं पडद्यावर दिसणार म्हणून. आणि हा सिनेमाच माझा राहिला नाही तर मी पेडण्याला जाऊन बाबांना काय सांगू? परत शाळेत मास्तरकी करतो म्हणू?"

"आधी चहा पी," मी म्हटलं.

शेटनी जे बघितलं त्याला आम्ही रफ कट म्हणतो, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जुळणी. शूटिंगमध्ये घेतलेले तुकडे एडिटर क्रमाने लावतो, आणि आपण काय करून बसलोय ते तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळतं. आचारी आमटीची चव बघतो ना, तसंच. फक्त आमच्या आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येत नाही. भांड्यात आहे त्यातूनच काय ते काढायचं.

माझा रोजचा धंदा लग्नं, मुंजी आणि जत्रांच्या व्हिडिओंचा. मुंबईत आठ वर्षं असिस्टंट एडिटर म्हणून घासली, मग आई आजारी पडली म्हणून डिचोलीला आले आणि इथेच लग्न करून राहिले. बाजारात दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. नीलेश एका लग्नात कॅमेरा घेऊन फिरताना भेटला. पेडण्याचा, मास्तरांचा मुलगा, डोक्यात सिनेमा सोडून दुसरं काही नाही. त्याचा पहिला सिनेमा 'खालून' मीच एडिट केला होता, आणि हा त्याचाच दुसरा भाग.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. झॉम्बी म्हणजे मेल्यावर उठून चालू लागलेलं माणूस. त्याला अक्कल नसते, नुसती भूक असते. आपल्याकडच्या भुताशी निदान बोलणी करता येतात, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं की ते ऐकून घेतं. ह्या विलायती जातीला गाऱ्हाणं चालत नाही. 'खालून'मध्ये खाणीत सुरुंगाचा भोंगा वाजला की खंदकातले मेलेले वर येतात आणि खाणीजवळच्या दवाखान्यातली शीला नावाची नर्स त्यांच्याशी एकटी झुंजते, एवढीच गोष्ट. डिचोली, वाळपई, सावंतवाडी, दोडामार्ग, जिथे लावला तिथे लोक घाबरले. सिनेमा मराठी म्हणायचा की कोंकणी, ह्यावर शेटनी तेव्हा चार बैठका घेतल्या होत्या. शेवटी पात्रं घरी बोलतात तशी बोलली. दुसऱ्या भागात साठ माणसं मेलेलीच होती, त्यामुळे तो वाद आपोआप निम्मा झाला.

नीलेश गेल्यावर मी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि मध्ये रेघ मारली. एका बाजूला सिनेमाचं बरं, दुसऱ्या बाजूला वाईट. अडकले की मी असंच करते.

वाईटाची बाजू भराभर भरली. पहिल्या भागात झॉम्बी होते सात. नीलेशला जास्त हवे होते, पण तेव्हा खाणी जोरात चालू होत्या आणि दिवसा रिकामा माणूस मिळायचा नाही. सातच असल्यामुळे ते आम्ही जपून दाखवले. दारामागे हात, शेडच्या टोकाला सावली. लोकांनी उरलेलं मनात भरून घेतलं आणि त्यालाच घाबरले. दुसऱ्या भागाच्या वेळी खाणी बंद पडून वर्ष उलटलेलं. सुर्लाच्या रस्त्याच्या कडेला ट्रक ताडपत्री घालून उभे, ड्रायव्हर घरात बसून. नीलेशने हाक मारली आणि साठ जण आले. मग काय, मिळाले म्हणून सगळे दाखवले. पहिल्या सीनपासून झॉम्बीच झॉम्बी. पहिल्या भागात ज्याला बघून किंचाळलो, तोच पाहुणा दुसऱ्या भागात सकाळपासून ओसरीवर बसलेला असला तर त्याचं भय काय राहणार? दुसऱ्या भागाचं हे पहिलं दुखणं. लोकांना आता भुताचा चेहरा ठाऊक असतो.

पुढे लिहिलं, रक्त जास्त. मग लिहिलं, भोंगा. खाणीच बंद म्हणून नीलेशने कथेतून भोंगा काढून टाकला, पण भोंग्याशिवाय मेलेले उठले कसे ते सांगायला विसरला. हे कात्रीने सुधारण्यासारखं नव्हतं. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून, लाईन.

बऱ्याच्या बाजूला आधी काहीच सुचेना. मग सुचलं, की दुसऱ्या भागात काही समजावून सांगावं लागत नाही. शीला दिसली की लोकांच्या पोटात आपोआप गोळा येतो, कारण तिने काय भोगलंय ते त्यांनी बघितलेलं असतं. सुर्लाचा खंदक खरा होता, तळाशी पाणी साठलेला, लाल. आणि ड्रायव्हरांचे चेहरे. नाटकातल्यासारखं त्यातला एकही जण करत नव्हता. एवढं लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

आता लाईनीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

सिनेमातला मोठा सीन असा होता. शीला खाणीच्या कडेला एका घरात लपलेली आहे. साठ झॉम्बी खंदकातून वर येतात आणि घरावर तुटून पडतात. तुटून पडायला हवेत. रशेस, म्हणजे शूटिंगचे सगळे कच्चे तुकडे, मी पहिल्यापासून परत बघितले. प्रत्येक तुकड्यात मागून नीलेशचा घसा फुटेस्तोवर आवाज. "मोडा लाईन! धावा! अंगावर जा!" आणि पडद्यावर ड्रायव्हर चार पावलं धावतात, इकडे तिकडे बघतात, आणि पाचव्या पावलाला प्रत्येकजण बरोबर आपल्या पुढच्याच्या मागे, तेवढंच अंतर ठेवून, लाईनीत. नऊ वेळा घेतलेला शॉट. नऊही वेळा हेच.

माझं डोकं फिरलं. मी तुकादादाला फोन लावला. तुकादादा मूळचा दोडामार्गचा, पण वीसेक वर्षं सुर्लाला ट्रक चालवणारा. त्या साठ जणांचा न नेमलेला पुढारी. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि चप्पल काढून दारातच उभा राहिला. मी त्याला तोच तुकडा दाखवला.

"दादा, हे काय आहे? तुम्हाला कोणी सांगितलं होतं लाईन लावायला?"

"बाय, तुमी रागवां नकात," तो म्हणाला. "आमी मोडूक बघलव. पाय आयकनत नाय."

"म्हणजे काय?"

मग त्याने सांगितलं. खंदकावर माल भरायला ट्रक लाईनीत लागायचे. जो आधी आला त्याचा नंबर आधी. नदीवरच्या जेटीवर माल खाली करून परत यायचं आणि परत लाईनीच्या शेवटी लागायचं. मध्ये कोणी घुसला तर मागच्या सगळ्यांची दिवसाची एक खेप जायची, म्हणून घुसणाऱ्याला माफी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रक बाकीचे लाईनीतच घेत नसत. सख्खा भाऊ असला तरी नाही.

"आमची अर्धी जिंदगी लाईनीत गेली," तुकादादा म्हणाला. "नीलेश पात्रांव मोडा मोडा सांगा होतो. पण पुढच्याक मागे टाकून जावचा म्हटला, काय तरी चुकल्यासारख्या वाटा. आनी माझ्या पुढे बाबलो. बाबल्याचो नंबर कसो मोडू?"

त्याला चहा दिला आणि पाठवला.

मग मी तेच केलं जे प्रत्येक घाबरलेला एडिटर करतो. कात्री चालवली. लाईन दिसूच नये म्हणून शॉटचे बारीक बारीक तुकडे केले. हात, दात, पाय, डोळा, परत दात. खाली ढोल. तीन दिवस बसून बनवलं आणि नीलेशला दाखवलं. तो बघत होता आणि कपाळ चोळत होता.

"कसं वाटलं?"

"ताई, भय नाही वाटलं. डोकं दुखलं."

मी त्याला फाडफाड बोलले. तुझ्यामुळे, तुझ्या त्या साठ शहाण्यांमुळे, असं पुष्कळ काही. तो ऐकून निघून गेला. त्याचं खरं होतं म्हणून मला जास्त राग आला होता. हातात तीन दिवस उरले होते आणि माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सरस्वतीमावशी जिना चढून आली. तिच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ माझ्याकडे होता. मावशीचा सुर्लाला खाणीच्या वाटेवर चहा आणि पातळभाजी-पावाचा गाडो होता. खाणी बंद झाल्या तसा गाडोही बंद झाला.

"बाये, माझ्या चेडवाच्या लग्नाची सीडी झाली काय?"

"झाली, मावशी. बस, शोधून देते."

सीडी मी कुठे ठेवली ते मलाच आठवेना. कपाट उपसत होते. मागे कॉम्प्युटरवर रशेस आपोआप एकापाठोपाठ चालू होते, बंद करायचं मला सुचलं नव्हतं. मावशी एरवी घटकाभर गप्प बसणारी नाही. तिची बडबड मध्येच थांबली म्हणून मी वळून बघितलं. तिने पदर तोंडाशी धरला होता.

पडद्यावर जो तुकडा चालू होता तो मी टाकाऊ म्हणून बाजूला काढलेला. झालं होतं असं. कॅमेरा घराच्या आत ठेवला होता, जनेलातून बाहेर बघणारा. नीलेश ओरडला, "कट! जेवायला चला!" आणि कॅमेरामनचा हात कॅमेऱ्यावर गेलाच नाही, तो सगळ्यांच्या आधी जेवायला पळाला. कॅमेरा चालूच राहिला. जेवण त्याच घराच्या ओसरीवर, जनेलाच्या बरोबर खाली मांडलं होतं. बाहेर साठ ड्रायव्हर, तोंडाला पांढरा राखाडी रंग, कपड्यांवर सुकलेलं खोटं रक्त. ते मुकाट्याने वळले आणि घराच्या दिशेने लाईन लावली. खंदकाच्या कडेपर्यंत लाईन. कोणी कोणाला ढकलत नाही. पुढचा एक पाऊल सरकला की मागचे सगळे एक पाऊल. आणि प्रत्येकाचे डोळे सरळ जनेलाकडे. चार मिनिटांचा तुकडा, त्यात आवाज फक्त खडीवरच्या पायांचा.

"मावशी, काय झालं? हे आपलेच ड्रायव्हर. तो बघ तुकादादा, तुझ्याकडे चहा प्यायचा."

"माका ठावक असा गो," मावशी हळूच म्हणाली. "तुको, बाबलो, सगळ्यांका वळाखतंय मी. तरी भय दिसला."

"भय? ह्याचं? अगं, ते नुसते उभे आहेत!"

"तांच तर. ह्येंका घायच नाय." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "अंगार धावन येता, तेका माणूस चुकवता. पळान खंय तरी जाता. पण नंबर लावन उभो ऱ्हवता तेका तू काय करतलंस? तेका म्हायत असा, आपलो नंबर येतलो. माझ्या गाड्यार अशी लाईन लागा होती, आनी माझी किटली एक. कोण ओरडा नाय, कोण घुसा नाय. नुसते बघत ऱ्हवत. सपनात सुदीक तीच लाईन येय माझ्या!"

आणि ती हसली. मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. मावशीला सीडी दिली, बळेच चहा पाजला, आणि ती जिना उतरते न उतरते तोच तीन दिवसांचं ते हात-दात-डोळे सगळं पुसून टाकलं. पुसताना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

नीलेशला बोलावून घेतलं. त्याला सांगितलं की तो चार मिनिटांचा तुकडा मी जवळजवळ अख्खा ठेवणार, एकही कट न मारता. ह्याला लाँग टेक म्हणतात. कट मारला की बघणाऱ्याला सुटका मिळते, डोळा दुसरीकडे जातो. कट नाही म्हणजे सुटका नाही.

तो उठूनच उभा राहिला. "ताई, शेटनी ह्याच लाईनीवर सिनेमा बंद करायला लावला! तू तीच लाईन लांब करून दाखवणार?"

"शेटनी थोडी लाईन बघितली. थोडी बघितली की हसू येतं. पुरी बघू दे."

"आणि लोक हसले तर? हे झॉम्बी जेवणाची वाट बघताहेत, ताई!"

"मग झॉम्बी दुसरं काय करतात रे?"

"माझा सिनेमा जाईल," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

"तो आताही जातोच आहे," मी म्हटलं. "हे करून तरी जाऊ दे." मला वाईट वाटलं बोलताना, पण खोटी आशा दाखवून त्याचा काय फायदा होता?

एक अडचण राहिली. लाईन बघणारी शीला हवी होती, आणि तसा शॉट नव्हता. दुसऱ्या भागात शीला धावणाऱ्या झॉम्बींना बघून किंचाळते, कारण ते धावतील असं सगळ्यांनी धरलं होतं. मला गप्प राहून बघणारी शीला पाहिजे होती. नवं शूट करायला शेट परवानगी देणार नव्हते. तेव्हा मला पानावरची बऱ्याची बाजू आठवली आणि त्यात एक ओळ वाढवली, की दुसऱ्या भागाचा पहिला भाग आपल्या कपाटात पडलेला असतो. जुनी हार्ड डिस्क काढली. 'खालून'मधला एक न वापरलेला शॉट सापडला. शीला जनेलाशी उभी, बाहेर बघतेय, डोळ्यांत पाणी नाही, फक्त पापणी हलते. तिचे केस तेव्हा लांब होते आणि आता कापलेले, म्हणून नुसता चेहरा राहील इतका शॉट मोठा केला. चित्र थोडं फुटलं. फुटू दे म्हटलं. ढोल काढला, सगळं संगीत काढलं. पायांचा आवाज तेवढा राहिला. पहिल्या अर्ध्या तासातले झॉम्बीही निम्मे कापले, म्हणजे लाईन दिसेपर्यंत लोकांनी त्यांना पोटभर बघितलेलं नसेल.

शनिवारी शेट आले ते बायकोला घेऊन. "हिला भय वाटलं तर खरं," म्हणाले. नीलेश भिंतीला टेकून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

लाईनीचा सीन आला. शेट लगेच म्हणाले, "परत तीच लाईन?" अर्धं मिनिट गेलं. शेटनी खुर्ची जरा पुढे घेतली. एक मिनिट झालं. लाईन एक पाऊल पुढे सरकली. शेटच्या बायकोने माझा हात धरला, माझा, नवऱ्याचा नाही. शेटनी हातातला कप न बघताच मेजावर ठेवला, तो माझ्या कीबोर्डावर.

"किती आहेत ते?" त्यांनी विचारलं.

"साठ."

"संपत नाहीत," ते म्हणाले.

दिवा लावला तेव्हा ते घसा खाकरून परत व्यापारी झाले. मधलं गाणं काढ, म्हणाले. भोंग्याचं कोणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणाले. शेवट बोगस आहे, म्हणाले. शेवट बोगस होता हे मलाही मान्य होतं. शीला एका हातात मशाल घेऊन साठांना पळवते, ते मला कधीच पटलं नाही, पण दुसरा शेट भांड्यात नव्हता. म्हणजे शेवट नव्हता. शेट होते तेवढे एक पुरे होते.

"आणि हैदराबादचा माणूस?" मी विचारलं. नीलेशला विचारायचं धाडस होत नव्हतं.

शेट बायकोकडे बघून म्हणाले, "त्याला कशाला आता? सिनेमा नीलेशचाच. त्याने केला तो त्याने पुरा करायचा."

नीलेश खाली वाकून शेटच्या पाया पडला, मग माझ्या पाया पडायला आला. मी म्हटलं, "माझ्या नको. सुर्लाला जा, सरस्वतीमावशीच्या पड." तो खरोखर गेला. मावशीला काही समजलं नाही. तिने त्याला पातळभाजी वाढली.

पहिला खेळ आम्ही सुर्लाला ठेवला, देवळाजवळच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. ड्रायव्हरांच्या घरची सगळी मंडळी आली. सुरुवातीला नुसता दंगा. कोणी झॉम्बी दिसला की बायका ओरडत, "अगो बाय, बाबलो बघ! बाबल्या, तोंड धू रे!" माझा जीव टांगणीला लागला. पण लाईन आली आणि हॉल गप्प झाला, असा की पंख्याचा आवाज ऐकू यावा. स्वतःचे नवरे, भाऊ, दीर पडद्यावर, आणि कोणाला हसू येईना. एका म्हातारीने मात्र सिनेमा संपताना मोठ्याने विचारलंच, "भोंगो झालो नाय, मगे हे उठले कशे?" त्याला उत्तर आमच्याकडे आजही नाही.

पुढे एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. लाईनीचा सीन म्हणजे दिग्दर्शकाची धाडसी कल्पना, आणि कलाकारांच्या डोळ्यांतली आदिम भूक अंगावर येते, असं काहीसं त्यात होतं. मी ते तुकादादाला वाचून दाखवलं. तो गंभीरपणे म्हणाला, "बाय, त्या दिसा जेवणाक कोंबड्याची शागोती होती."

पण खरं झालं ते पहिल्या खेळाच्या दिवशी, हॉलबाहेर. जागा कमी म्हणून ड्रायव्हरांनी आपल्या घरच्यांना खुर्च्या दिल्या होत्या आणि स्वतः बाहेर उभे राहिले होते. खेळानंतर सगळ्यांना जेवण होतं, वाढप हॉलच्या दाराशीच. सिनेमा संपला, दार उघडलं, आणि पहिल्या बायका बाहेर पडल्या. समोर भर दुपारच्या उन्हात धुतलेले शर्ट घालून साठ माणसं लाईन लावून उभी. मुकाट. सगळ्यांचे डोळे दाराकडे.

तशी किंकाळी मी आयुष्यात दुसरी ऐकलेली नाही. बाबल्याच्या बायकोने हातातली पिशवी बाबल्याच्याच अंगावर फेकली. बाबल्याने पिशवी झेलली, पण जागा सोडली नाही.

शेट माझ्या बाजूला उभे होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम धंद्याचं तोंड करून नीलेशला म्हणाले, "तिसऱ्या भागाला एकशेवीस घे."

"तिसरा नको, शेट," नीलेश म्हणाला. "माझा हा आहे, तेवढा पुरे."

त्या दिवशी मी त्याच लाईनीत शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्या पुढे साठ माणसं होती आणि मला कसली घाई नव्हती. ह्या माणसांनी लाईन मोडली असती तर आमच्या हाती एक साधा, इतर शंभरांसारखा सिनेमा राहिला असता, आणि मी त्यांना तीन दिवस शिव्या दिल्या होत्या. मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. मावशीचे मात्र तोंडावर मानले, आणि सिनेमाच्या शेवटी तिचं नाव 'विशेष आभार' म्हणून टाकलं. ती म्हणाली, नाव घातलंस ते बरा केलंस, पण चेडवाच्या लग्नात मामा दिसत नाय, तो खंय गेलो?

मामा टाकाऊ तुकड्यात होता. फोटोग्राफर "झालं" म्हणाल्यावर तो भाचीजवळ येऊन रडला होता, आणि ते मी कापलं होतं. मामाला घालून मावशीला सीडी परत करून दिली. तेव्हापासून कोणी "कट" म्हटल्यानंतरचं काहीही मी पुसत नाही. हार्ड डिस्कांनी एक कपाट भरलंय. नवरा कुरकुरतो.